कैद्याच्या शिध्यावरून देशाची स्थिती मोजणारे दादाभाई नौरोजी

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर देशभर ओळखले जाते ते तेथील कपड्यांच्या बाजारामुळे. निर्यातीसाठी शिवलेला, पण परदेशी न गेलेला माल येथे स्वस्तात मिळतो आणि त्यासाठी रोज हजारो लोकांची गर्दी होते. स्वातंत्र्यानंतर याच परिसरात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसाहती उभारण्यात आल्या. त्यांना देशाच्या इतिहासातील मान्यवरांची नावे देण्यात आली. सरोजिनी नायडू यांच्या नावाची ही वसाहत, तिच्या आसपास नेताजी नगर, लक्ष्मीबाई नगर, किडवाई नगर आणि जवळच नौरोजी नगर.

२०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. त्यांत सरोजिनी नगर आणि नौरोजी नगर या दोन्हींचा समावेश होता. जुन्या बैठ्या घरांच्या जागी बहुमजली इमारती बांधायच्या आणि खर्च भागवण्यासाठी काही जागेवर व्यापारी संकुल उभारायचे, अशी ही योजना होती. २०१८ मध्ये या कामासाठी हजारो झाडे तोडली जाणार असल्याचे स्पष्ट झाले, तेव्हा सरोजिनी नगरात नागरिक रस्त्यावर उतरले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोडीला स्थगिती दिली. नौरोजी नगरच्या जागेवर आज व्यापारी संकुल उभे आहे. इमारतीची किंमत हिशेबाच्या वहीत लिहिता येते. झाडांची सावली आणि स्वच्छ हवा कोणत्या रकान्यात लिहायची, हा त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न होता.

ज्यांचे नाव नौरोजी नगरला दिले गेले, त्या दादाभाई नौरोजी यांनी दीडशे वर्षांपूर्वी याच जातीचा, पण त्याहून कितीतरी गंभीर प्रश्न विचारला होता. देशाचा व्यापार वाढतो आहे, महसूल वाढतो आहे, रेल्वेचे जाळे पसरते आहे, असे सरकार सांगत असताना त्या देशातील सामान्य माणसाला दोन वेळचे अन्न आणि अंगभर वस्त्र मिळते का, हे त्यांनी आकडे मांडून तपासले. स्वराज्याची मागणी करणारे नेते म्हणून दादाभाई सर्वांना परिचित आहेत. राष्ट्राची स्थिती माणसाच्या गरजेवरून मोजण्याची त्यांनी घालून दिलेली पद्धत मात्र तितकीशी परिचित नाही.

गणिताचे प्राध्यापक

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी पुरोहित कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असताना वडील नौरोजी पालनजी दोर्दी यांचे निधन झाले. आई माणेकबाई यांनी हलाखीत दिवस काढून मुलाला वाढवले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अकराव्या वर्षीच त्यांचा गुलबाई यांच्याशी विवाह झाला.

मुंबईत त्या वेळी फी न घेता शिक्षण देणाऱ्या शाळा होत्या, म्हणूनच दादाभाईंना शिकता आले. पैसे भरावे लागले असते तर आपले शिक्षण झालेच नसते, याची जाणीव त्यांनी आयुष्यभर बाळगली. लोकांच्या पैशातून आपण शिकलो, तेव्हा लोकांची सेवा करणे हे आपल्यावरील ऋण आहे, अशी त्यांची धारणा होती. एल्फिन्स्टन संस्थेत त्यांनी गणितात विशेष प्रावीण्य मिळवले. मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला पाठवण्याचा प्रस्ताव मांडला होता. तेथे गेल्यावर मुलगा धर्मांतर करील, या भीतीने समाजातील वडीलधाऱ्यांनी तो मान्य केला नाही. पुढे दादाभाई एल्फिन्स्टनमध्येच गणित आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. अशा पदावर भारतीय माणसाची नेमणूक होणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

अध्यापनाबरोबरच त्यांचे सार्वजनिक कार्यही सुरू झाले. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. तिच्या वतीने मुंबईत मराठी आणि गुजराती मुलींसाठी शाळा उघडण्यात आल्या. मुलींना शिकवण्यास घरोघरी विरोध होता. दादाभाई आणि त्यांचे सहकारी पालकांचे मन वळवत फिरत आणि आपला रिकामा वेळ या शाळांना देत. १८५१ मध्ये त्यांनी 'रास्त गोफ्तार' हे गुजराती पत्र सुरू केले. १८५२ मध्ये जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी लाड आदींसमवेत ते बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत सहभागी झाले. मुंबई इलाख्यातील ही पहिली राजकीय संघटना होय.

लंडनमधील व्यापार आणि एक दुष्काळ

१८५५ मध्ये दादाभाईंनी प्राध्यापकपद सोडले आणि कामा कुटुंबाच्या व्यापारी पेढीचे भागीदार म्हणून ते इंग्लंडला गेले. इंग्लंडमध्ये स्थापन झालेली ही पहिली भारतीय पेढी मानली जाते. काही वर्षांनी ते त्या पेढीतून बाहेर पडले. अफू आणि मद्याच्या व्यापारातून येणारा नफा त्यांना नको होता. त्यानंतर त्यांनी कापसाच्या व्यापारासाठी स्वतःची पेढी काढली. याच काळात ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गुजराती भाषेचे प्राध्यापकही होते.

व्यापारामुळे त्यांना जमाखर्च, विनिमयाचे दर, आयात आणि निर्यात यांचे बारकावे अनुभवाने कळले. सरकारी अहवालांतील आकडे वाचताना या अनुभवाचा त्यांना पुढे फार उपयोग झाला. १८६६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापन केली. भारतीय प्रश्न ब्रिटिश जनतेपुढे आणि संसदेपुढे मांडणे हा तिचा उद्देश होता.

त्याच वर्षी ओडिशात भीषण दुष्काळ पडला. सुमारे १० लाख माणसे, म्हणजे त्या प्रदेशातील जवळजवळ एकतृतीयांश लोक, मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. सरकारला संकटाची तीव्रता वेळेवर कळली नाही आणि कळली तेव्हा पावसाळा सुरू झाल्याने धान्य पोचवणे कठीण झाले. एका चांगल्या चाललेल्या राज्यात इतकी माणसे अन्नावाचून मरतात तरी कशी, हा प्रश्न लंडनमध्येही विचारला जाऊ लागला.

मे १८६७ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे वाचलेल्या निबंधात दादाभाईंनी त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. भारतात गोळा होणाऱ्या महसुलापैकी सुमारे एकचतुर्थांश भाग इंग्लंडमध्ये जातो आणि त्याच्या बदल्यात देशाला काही मिळत नाही, असे त्यांनी दाखवले. पुढे संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत म्हणून जे मत प्रसिद्ध झाले, त्याची ही सुरुवात होती.

उपकारांचा ताळेबंद

दादाभाई ब्रिटिश राज्याचे आंधळे विरोधक नव्हते. १८७१ मध्ये त्यांनी या राज्याच्या फायद्या-तोट्यांचा एक ताळेबंदच मांडला. जमेच्या बाजूस त्यांनी सतीची चाल आणि बालहत्या बंद होणे, विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक मिळणे, शिक्षणाचा प्रसार, शांतता, कायद्याचे राज्य, भाषण आणि वृत्तपत्र यांचे स्वातंत्र्य या गोष्टी मोकळेपणाने लिहिल्या. खर्चाच्या बाजूस दिलेली वचने न पाळणे, राज्यकारभारात भारतीयांना स्थान नाकारणे आणि देशाची संपत्ती बाहेर जाणे या गोष्टी मांडल्या.

आज या ताळेबंदाकडे पाहिले तर एक बाब लक्षात येते. राज्य चांगले की वाईट हे ठरवताना दादाभाईंनी केवळ पैशाचा विचार केला नाही. माणुसकी, शिक्षण, सुरक्षितता, स्वातंत्र्य आणि उपजीविका असे निरनिराळे रकाने त्यांनी केले आणि प्रत्येकात काय मिळाले, काय गमावले हे पाहिले. मानवी विकासाच्या आधुनिक मोजमापांतही हीच कल्पना आहे. एका रकान्यातील शिल्लक दाखवून दुसऱ्यातील तूट झाकता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

वीस रुपये आणि चौतीस रुपये

सर्वांत मोठी तूट उपजीविकेच्या रकान्यात होती. ती सिद्ध करण्यासाठी देशातील माणशी उत्पन्न किती, हे आधी ठरवणे आवश्यक होते. असा आकडा सरकारकडे नव्हता. भारताच्या नैतिक आणि भौतिक प्रगतीचा अहवाल दरवर्षी ब्रिटिश संसदेला सादर होत असे. त्यात महसूल, व्यापार, रेल्वे, कालवे यांची माहिती असे. सामान्य माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी किती येते, हे मात्र त्यात सापडत नसे.

दादाभाईंनी हे काम स्वतः हाती घेतले. प्रत्येक प्रांताच्या प्रशासकीय अहवालातून त्यांनी पिकाखालील जमीन, एकरी उत्पादन आणि बाजारभाव हे आकडे जमवले. त्यांचा गुणाकार करून शेतीचे उत्पन्न काढले. त्यात मीठ, अफू, कोळसा, कारागिरी, मासेमारी, दूध, मांस यांसाठी अंदाजे भर घातली. अंदाज करताना हात आखडता घेतला असा आरोप येऊ नये, म्हणून त्यांनी तो मुद्दाम सढळ ठेवला. अशा रीतीने १८६७-७० या काळासाठी ब्रिटिश भारताचे एकूण वार्षिक उत्पन्न सुमारे ३४ कोटी पौंड ठरले. त्या वेळच्या १७ कोटी लोकसंख्येत ते विभागल्यावर माणशी वर्षाला ४० शिलिंग, म्हणजे २० रुपये आले. भारताच्या दरडोई उत्पन्नाचा हा पहिला अंदाज होय.

बहुतेक अभ्यासक येथे थांबले असते. दादाभाई पुढे गेले. २० रुपये पुरेसे की अपुरे, हे त्या आकड्याकडे नुसते पाहून समजत नाही. माणसाला जगायला किती लागते, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. पण माणसाची किमान गरज ठरवायची कोणी? दादाभाईंनी स्वतःचे मत मांडले असते तर ते अतिशयोक्त ठरवले गेले असते. म्हणून त्यांनी सरकारचाच आधार घेतला. तुरुंगातील कैद्यांना जिवंत आणि कामायोग्य ठेवण्यासाठी किती अन्न, वस्त्र आणि अंथरूण-पांघरूण द्यायचे, याचे प्रमाण सरकारने ठरवलेले होते आणि त्याचा खर्च तुरुंग खात्याच्या अहवालांत छापलेला होता.

हे दोन आकडे शेजारी ठेवताच चित्र स्पष्ट झाले. मुंबई इलाख्यात एका कैद्याच्या अन्नवस्त्रावर वर्षाला सुमारे ४७ रुपये खर्च होत, तर त्या इलाख्यातील माणशी उत्पन्न सुमारे २२ रुपये होते. बंगालमध्ये कैद्याचा खर्च सुमारे ३१ रुपये आणि माणशी उत्पन्न १५ रुपये होते. साध्या मजुराच्या निर्वाहासाठी वर्षाला साधारण ३४ रुपये लागतात, असा हिशेब त्यांनी केला. गुन्हा करून तुरुंगात गेलेल्या माणसाला सरकार जे देत होते, तेवढेही गुन्हा न केलेल्या माणसाच्या वाट्याला येत नव्हते.

परदेशी मळ्यांवर जहाजाने जाणाऱ्या मजुरांना प्रवासात किती शिधा द्यावा, याचेही प्रमाण सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवून दिले होते. काही काम न करता बसून राहणाऱ्या माणसासाठी असलेला तो आहारसुद्धा शेतात राबणाऱ्याला मिळत नाही, हे दादाभाईंनी निदर्शनास आणले. शिवाय या हिशेबात लग्नकार्य, आजारपण, सण किंवा वाईट वर्षासाठी शिल्लक, यांपैकी काहीच धरलेले नव्हते. पाऊस हुकला की लाखो माणसे का मरतात, याचे उत्तर त्या शून्य शिलकीत होते.

सरासरीतील फसगत

गणिताचा शिक्षक या नात्याने दादाभाईंनी सरकारी आकड्यांतील आणखी एक दोष उघड केला. प्रांताचे सरासरी एकरी उत्पादन काढताना अधिकारी निरनिराळ्या जिल्ह्यांचे आकडे एकत्र करून त्यांना जिल्ह्यांच्या संख्येने भागत असत. एका जिल्ह्यात एखाद्या पिकाखाली लाखो एकर जमीन असेल आणि दुसऱ्यात काही हजार, तरी दोघांना सारखेच वजन दिले जाई. त्यामुळे येणारी सरासरी प्रत्यक्षापासून फार दूर जाई. क्षेत्रफळाच्या प्रमाणात वजन देऊन सरासरी काढली पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला.

स्वतःच्या २० रुपयांच्या आकड्याबद्दलही ते सावध होते. हा आकडा सर्वांना सारखे वाटप झाले तर येणारा आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. प्रत्यक्षात जमीनदार, सावकार, श्रीमंत व्यापारी आणि युरोपीय अधिकारी यांच्याकडे मोठा वाटा जातो. म्हणून गरिबाच्या हाती सरासरीपेक्षाही कमी येते. सरासरी वाढली म्हणजे सगळ्यांचे बरे झाले असे होत नाही, हा आजच्या अर्थशास्त्रातील धडा त्यांच्या लेखनात स्पष्टपणे आढळतो.

हे संशोधन त्यांनी १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे सादर केले आणि १८७८ मध्ये ते लंडनमध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधील समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांच्या हाती ही पुस्तिका पडली आणि त्यांनी तिच्या आधारे भारताच्या दारिद्र्यावर लेखन केले.

रेल्वे धान्य पिकवते का?

इंडिया ऑफिसमधील अधिकारी फ्रेडरिक डॅन्व्हर्स यांनी दादाभाईंच्या हिशेबावर आक्षेप घेतले. रेल्वे, व्यापार आणि इतर सेवा यांतून होणारे उत्पन्न वगळल्यामुळे आकडा कमी आला, असे त्यांचे म्हणणे होते. १८८० मध्ये दादाभाईंनी त्यांना सविस्तर उत्तर दिले. रेल्वे एका गावचे धान्य दुसऱ्या गावी नेते, तिच्यामुळे धान्याचा एक दाणाही वाढत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. धान्य वाहून नेण्याची मजुरी ही त्याच धान्यातून द्यावी लागते.

आजच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या शास्त्रानुसार वाहतूक आणि इतर सेवांचे मूल्य उत्पन्नात धरले जाते. त्या दृष्टीने डॅन्व्हर्स यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. मात्र दादाभाई विचारत होते तो प्रश्न वेगळा होता. वाहतुकीचे मूल्य जोडून एकूण आकडा फुगेल, पण उपाशी माणसाच्या पानात त्यामुळे काय पडेल, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

निर्यातीबाबतही त्यांचे मत असेच होते. भारताची निर्यात आयातीपेक्षा सातत्याने अधिक असल्याचा दाखला समृद्धीची खूण म्हणून दिला जाई. व्यापारी असलेल्या दादाभाईंना ही खूण उलटी वाटली. विकलेल्या मालाचा मोबदला माल किंवा सोने-चांदी यांच्या रूपाने घरी परत आला, तरच निर्यातीने देश श्रीमंत होतो. अधिकाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतने, कर्जावरील व्याज आणि लंडनमधील कारभाराचा खर्च यांपोटी माल बाहेर जात असेल, तर वाढती निर्यात हे वाढत्या निःसारणाचे माप ठरते.

दख्खनचा दुष्काळ

दादाभाईंचे आकडे कागदावरचे राहिले नाहीत, याचा प्रत्यय महाराष्ट्राला लवकरच आला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. देशभरातील मृत्यूंची संख्या ५० लाखांहून अधिक असल्याचे मानले जाते. दुष्काळी कामांचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरांच्या रोजच्या धान्याचे प्रमाण एक रत्तलापर्यंत खाली आणले. पुणे सार्वजनिक सभेने याला विरोध केला. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे पाठवली. अनेक ठिकाणी मजुरांनी अपुऱ्या मजुरीच्या निषेधार्थ कामे सोडली.

दख्खनमधील हा वादही माणसाला जगायला किती अन्न लागते, याच प्रश्नाभोवती फिरत होता. दादाभाईंनी तुरुंगाच्या अहवालातून जे विचारले, तेच सार्वजनिक सभा दुष्काळी कामांवरील मजुरांच्या बाबतीत विचारत होती.

रानडे यांचे सर्वच बाबतींत दादाभाईंशी एकमत होते असे नाही. निःसारणावर सर्व लक्ष केंद्रित करण्याऐवजी शेतीवरील भार कमी करणे, भांडवल उभारणे आणि उद्योग वाढवणे यांवर भर द्यावा, असे रानडे यांचे मत होते. दारिद्र्याची कारणे आणि उपाय यांविषयी असा मतभेद असला, तरी लोकांची प्रत्यक्ष स्थिती हीच राज्यकारभाराची कसोटी, याबाबत दोघेही एकाच बाजूस होते.

आकड्यांची लढाई

दादाभाईंच्या पुस्तिकेनंतर सरकारलाही दरडोई उत्पन्नाचा हिशेब करणे भाग पडले. १८८२ मध्ये एव्हलिन बेअरिंग आणि डेव्हिड बार्बर यांनी हा आकडा २७ रुपये ठरवला. १९०१ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी तो ३० रुपये असल्याचे सांगितले. त्याच वर्षी विल्यम डिग्बी यांनी आपल्या ग्रंथात तो १८ रुपयांच्याही आत असल्याचे मांडले. लॉर्ड डफरिन यांच्या कारकीर्दीत खालच्या वर्गांच्या स्थितीची देशव्यापी चौकशी झाली, परंतु तिचे निष्कर्ष गोपनीय ठेवण्यात आले. सरकारचा सर्वांत मोठा आकडा खरा मानला, तरी तो दादाभाईंनी ठरवलेल्या ३४ रुपयांच्या खालीच होता.

या काळात दादाभाईंचे राजकीय जीवनही वेगाने पुढे जात होते. १८७४ मध्ये ते बडोदा संस्थानचे दिवाण होते. पुढे मुंबई महापालिकेत आणि मुंबई विधिमंडळात त्यांनी काम केले. १८८५ मध्ये मुंबईत भारतीय राष्ट्रीय काँग्रेस स्थापन झाली, त्यात त्यांचा सहभाग होता. १८८६, १८९३ आणि १९०६ अशा तीन अधिवेशनांचे ते अध्यक्ष झाले. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी निवडून आले आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य झाले. १८९५ मध्ये त्यांचा पराभव झाला, पण त्याच वर्षी भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर त्यांची नेमणूक झाली.

१८९७ मध्ये या आयोगापुढे साक्ष देण्यासाठी पुण्याहून गोपाळ कृष्ण गोखले आणि मुंबईहून दिनशा वाच्छा गेले. गोखल्यांच्या विचारांवर रानडे यांच्याइतकाच दादाभाईंचाही प्रभाव होता. १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळातील आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात गोखल्यांनी सरकारच्या शिलकी अंदाजपत्रकावर टीका केली. दुष्काळ आणि प्लेग यांनी लोक गांजलेले असताना तिजोरीत शिल्लक पडणे हे लोकांच्या भरभराटीचे लक्षण नाही, तर करांचा बोजा गरजेपेक्षा अधिक असल्याचे लक्षण आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९०३ मध्ये मिठावरील कर कमी करण्यात आला. मोजमाप बदलले की धोरण बदलू शकते, याचे हे एक उदाहरण आहे.

१९०१ मध्ये दादाभाईंनी आपले निबंध, पत्रव्यवहार आणि साक्षी एकत्र करून 'पॉव्हर्टी अँड अनब्रिटिश रूल इन इंडिया' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध केला. ब्रिटिश न्यायबुद्धीला आवाहन करून फरक पडेल, ही त्यांची आशा हळूहळू मावळत गेली. १९०६ मध्ये कोलकात्याच्या अधिवेशनात, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांनी स्वराज्य हे काँग्रेसचे ध्येय म्हणून मांडले. तीस-चाळीस वर्षे केलेल्या हिशेबाचाच हा निष्कर्ष होता. आपल्या उपाशीपणाचा जाब लोक ज्याला विचारू शकत नाहीत, अशा सरकारला तो दिसत नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

दारिद्र्यरेषेपर्यंत

स्वतंत्र भारताने १९६२ मध्ये किमान जीवनमान ठरवण्यासाठी एक कार्यगट नेमला. धनंजयराव गाडगीळ आणि अण्णासाहेब सहस्रबुद्धे हे त्याचे सदस्य होते. या गटाने १९६०-६१ च्या किमतींनुसार दरमहा दरडोई २० रुपये ही किमान गरज ठरवली. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास प्रसिद्ध केला. रोजच्या २,२५० उष्मांकांचा आहार हा आधार धरून १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक किमान पातळीच्या खाली असल्याचे त्यांनी दाखवले. नियोजनाच्या एका दशकात राष्ट्रीय उत्पन्न वाढले, पण ते सर्वांपर्यंत पोचले नाही, हे त्यातून पुढे आले. पद्धत अधिक शास्त्रशुद्ध झाली होती. प्रश्न दादाभाईंचाच होता.

जगातही हाच विचार वेगवेगळ्या वाटांनी रुजला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आधुनिक मोजणीचे एक जनक सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच, या आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचे अनुमान काढू नये, असा इशारा दिला होता. भूतानने राष्ट्राचे एकूण समाधान हे आपले ध्येय मानले आणि २००८ च्या राज्यघटनेत त्याला स्थान दिले. १९९० मध्ये महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या सहकार्याने मानव विकास निर्देशांक तयार केला. त्यात उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षण यांचा विचार होतो. भारतात नीती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी दारिद्र्याचा पहिला राष्ट्रीय अहवाल प्रसिद्ध केला. पोषण, बालमृत्यू, शाळा, पिण्याचे पाणी, शौचालय, घर, वीज असे निकष त्यात आहेत.

या निर्देशांकांत शुद्ध हवा, झाडे, मोकळी जागा आणि माणसांचा परस्परांवरील विश्वास यांनाही स्थान असावे का, यावर तज्ज्ञांची चर्चा सुरू आहे. दादाभाईंच्या यादीत या गोष्टी नव्हत्या. त्यांच्या काळात प्रश्न भाकरीचा होता. त्यांनी उत्पन्नाचा आकडा टाकाऊही मानला नाही, उलट तो मिळवण्यासाठी आयुष्याची अनेक वर्षे खर्च केली. पण असा कोणताही आकडा माणसाच्या गरजेशेजारी ठेवल्याशिवाय वाचायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःला आणि आपल्या वाचकांना घालून दिला. आर्थिक वाढीच्या दराची बातमी दर तिमाहीस ऐकणाऱ्या आजच्या नागरिकालाही तो नियम तितकाच उपयोगी आहे.